छापण्याआधी वाचक मोजा

(सायखेडा, ता. निफाड येथे परिसरातील लेखकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



स्वतःचे पुस्तक स्वतःच काढणाऱ्याने काय पथ्ये पाळावीत, हा विषय आपण मला दिलात. साहित्याच्या व्यासपीठावरून पैशाची भाषा बोलणे आपल्याकडे काहीसे हलके समजले जाते. निफाड तालुक्यात तरी ती अडचण येऊ नये. इथला शेतकरी कांदा भरण्याआधी लासलगावचा भाव विचारतो. द्राक्षबाग उतरण्यापूर्वी व्यापारी कोण, उधारी किती, याची चौकशी करतो. पण त्याच घरातला कोणी पुस्तक काढतो, तेव्हा हजार प्रती छापून मोकळा होतो आणि मग विचारतो, "आता हे विकायचे कुठे?"

पत्रकारितेच्या निमित्ताने मी अशी अनेक घरे पाहिली आहेत. निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक, कीर्तनकार, गृहिणी. लेखन प्रामाणिक, काही ठिकाणी खरोखर चांगले. भविष्यनिर्वाह निधीतून किंवा मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशातून छपाई झालेली. गठ्ठे माळ्यावर, दोरीसुद्धा न सोडलेले. घरातली माणसे त्या गठ्ठ्यांकडे पाहून काही बोलत नाहीत, पण लेखकाने दुसऱ्या पुस्तकाचा विषय काढला की पहिल्याचा हिशेब निघतो. एका चांगल्या लेखकाची लेखणी अशी कायमची थांबते. नुकसान पैशाचे होतेच, पण हे नुकसान मला अधिक वाटते.

स्वतःचे पुस्तक स्वतः काढणे यात कमीपणा काही नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली, तिचे ८४ अंक काढले आणि पुढे छापखाना, चित्रशाळा व पुस्तकांचे दुकानही उभे करण्यात पुढाकार घेतला. लिहिणे, छापणे आणि वाचकाच्या हाती पोचवणे ही एकाच कामाची तीन अंगे आहेत, हे त्या पिढीला ठाऊक होते.

माझ्या मते या बाबतीत खरा वस्तुपाठ घालून दिला तो ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी. अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आलेला हा विद्वान. मराठीत ज्ञानकोश करायचा तर कोणता प्रकाशक एवढे ओझे उचलणार? सरकारकडे तोंड वेंगाडायचे नाही. मग त्यांनी नागपूरला ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार नोंदवले आणि त्यासाठी गावोगाव फिरले. वकील, डॉक्टर, शिक्षक, संस्थानिक, ज्यांच्या घरात हा ग्रंथ जाऊ शकतो अशा माणसांची दारे त्यांनी स्वतः ठोठावली. काम पुढे पुण्याला आले आणि १९२० च्या दशकात २३ खंड पुरे झाले. आपल्या विद्वत्तेला हे फिरणे शोभत नाही असे त्यांना वाटले नाही. उलट या खटाटोपाचा सारा इतिहास त्यांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या नावाने लिहून ठेवला. प्रत्येक स्वप्रकाशक लेखकाने तो एकदा तरी चाळावा. केतकरांची अखेरची वर्षे विवंचनेत गेली हेही खरे, आणि ते लपवून मी तुम्हाला उत्साहाच्या भरात लोटणार नाही. पण ज्ञानकोश अपुरा राहिला नाही. छापण्याआधी वाचक मोजले होते, हे त्याचे एक मोठे कारण.

तुमच्या पुस्तकासाठी कंपनी काढण्याची गरज नाही. एक वही घ्या. पुस्तक पैसे देऊन घेतील अशा माणसांची नावे लिहा. 'कौतुक करतील' अशांची नव्हे! नातलग, माजी विद्यार्थी, गावातून नाशिक-पुण्याला गेलेली कुटुंबे, ज्या विषयावर पुस्तक आहे त्या विषयातली माणसे. त्यांना पुस्तकाची दोन पाने आणि सवलतीची आगाऊ किंमत कळवा. आता मोबाइलवर पैसे पाठवणे सोपे झाले आहे. महिनाभरात दीडशे जणांचे पैसे आले, तर अडीचशे प्रती छापा. चाळीस जणांचेच आले, तर साठ छापा. पूर्वी शिशाचे खिळे जुळवून शंभर प्रती काढणे परवडत नसे. आता डिजिटल छपाईमुळे पन्नास प्रतीही निघतात. दरप्रत खर्च थोडा जास्त येतो, पण न विकलेली प्रत सर्वांत महाग असते. शिवाय २०१६ आणि २०१९ चे पूर पाहिलेल्या तुमच्या गावात तळमजल्यावर गठ्ठे रचणे कितपत शहाणपणाचे, हे मी सायखेड्याला काय सांगावे!

दुसरी गोष्ट, आपल्या लेखनाला परका डोळा हवा. कुसुमाग्रज तुमच्याच तालुक्यातल्या शिरवाड्याचे. त्यांचा 'विशाखा' १९४२ साली निघाला तो वि. स. खांडेकरांनी पदरमोड करून काढला आणि प्रस्तावनाही लिहिली. म्हणजे पैसे घालण्याआधी एका जाणत्या साहित्यिकाने त्या कवितांची पारख केली होती. स्वतः प्रकाशक झालो की ही पारख करणारा माणूसच वगळला जातो. म्हणून तो मुद्दाम शोधावा. जो तुमचा मित्र नाही आणि ज्याला भीड पडत नाही, अशा वाचकाकडे हस्तलिखित द्यावे आणि त्याने काढायला सांगितलेली पाने काढावीत. मुद्रितशोधन मात्र पैसे देऊन जाणकाराकडूनच करून घ्यावे. लेखकाला स्वतःच्या चुका दिसत नाहीत, कारण तो छापलेले वाचत नसतो, मनातले वाचत असतो.

आता पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्यांविषयी. यात सचोटीची माणसे आहेत, तशी दुसरीही आहेत. माझ्या परिचयातील एका लेखकाला पाचशे प्रतींचे पैसे देऊनही दोनशेच मिळाल्या आणि उरलेल्या 'वितरणात' आहेत असे सांगण्यात आले. त्या वितरणाचा पत्ता अजून लागलेला नाही. म्हणून करार कागदावर हवा. प्रती किती, कागद कोणता, बांधणी शिलाईची की नुसत्या डिंकाची, अक्षरजुळणीची मूळ फाइल कोणाकडे राहणार, हे सारे त्यात लिहून घ्या. १९५७ च्या कायद्यानुसार हक्क मुळात लेखकाचाच असतो, तोही हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षे. तो लेखी दिल्याशिवाय जात नाही. हस्तांतराच्या करारात मुदत लिहिलेली नसेल, तर कायदा ती पाच वर्षे धरतो. सही करण्यापूर्वी ही कलमे वाचा. आयएसबीएन क्रमांकासाठी कोणी हजारो रुपये मागितले तर देऊ नका. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची दिल्लीतील राष्ट्रीय संस्था तो विनामूल्य देते आणि लेखकाला स्वतः अर्ज करता येतो.

छपाईत पाने सोळाच्या पटीत बसवा, कारण फॉर्म सोळा पानांचा असतो. एकशे त्रेसष्ट पानांचे पुस्तक म्हणजे तीन पानांसाठी जादा कागदाचा खर्च. दोन कविता काढल्या तरी वाचकाचे काही बिघडत नाही.

किमतीचा हिशेब बहुतेकांचा चुकतो. समजा, प्रतीला शंभर रुपये खर्च आला आणि किंमत दीडशे ठेवली. वितरक चाळीस टक्के, प्रसंगी त्याहूनही अधिक सूट मागतो. म्हणजे हाती नव्वद आले, प्रतीमागे दहा रुपयांची खोट, आणि तेही पैसे सहा महिन्यांनी. दुकानात ठेवायचे असेल तर किंमत त्या हिशेबाने अडीचशेच्या आसपास हवी. नाही तर दुकानाचा नाद सोडून थेट वाचकाला विकावे. गावाकडच्या लेखकाला हा दुसरा मार्ग अधिक लाभतो, असे माझे स्पष्ट मत आहे. टपालाचा खर्चही यात धरा. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' ही स्वस्त सेवा सुरू केली. सुरुवातीचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये असा होता. पार्सल बांधण्याआधी आपले पुस्तक तीत बसते का आणि सध्याचा दर काय, हे डाकघरात विचारा.

प्रकाशन समारंभाबद्दल बोललो तर काही जण नाराज होतील. मंडप, शाली, श्रीफळे, जेवण आणि दोन तास उशिरा येणारे पुढारी. खर्च छपाईएवढा, आणि शेवटी उपस्थितांना प्रती फुकट! 'सप्रेम भेट' लिहिलेल्या प्रती मी रद्दीच्या दुकानात पाहिल्या आहेत, पहिले पानसुद्धा न फाडलेल्या. फुकट प्रती वीसच्या वर देऊ नका. समारंभ शाळेच्या वर्गात करा, दाराशी टेबल मांडा, घरातील कोणाला पावतीपुस्तक घेऊन बसवा आणि लेखकाने दहा मिनिटे स्वतःचे लेखन वाचून दाखवावे. ते ऐकून माणूस प्रत घेतो, पाहुण्याचे भाषण ऐकून घेत नाही.

वृत्तपत्रांकडे प्रत पाठवताना सोबत एक पान जोडा. पुस्तक कशाविषयी आहे, त्यात इतरत्र न मिळणारे काय आहे, किंमत आणि संपर्क. संपादकाच्या टेबलावर पुस्तकांचा ढीग असतो. 'गोदाकाठच्या पुरांच्या आठवणी, पन्नास वृद्धांशी बोलून लिहिलेल्या' असे वाक्य वाचून हात थांबतो. 'मनाच्या हिंदोळ्यावरील तरंग' वाचून थांबत नाही. रोज दूरध्वनी करू नका. आम्ही मंडळी त्यामुळे प्रत आणखी खाली सरकवतो.

ग्रंथालये हा आपल्या राज्याचा मोठा ठेवा आहे. १९६७ च्या कायद्यामुळे गावोगावी अनुदानित वाचनालये आहेत आणि नाशिकचे सार्वजनिक वाचनालय तर १८४० पासूनचे. शासनमान्य ग्रंथयादीसाठी पुस्तके मागवल्याची सूचना निघते, तिच्यावर लक्ष ठेवून ग्रंथालय संचालनालयाकडे पुस्तक पाठवा. पहिलेच पुस्तक असेल तर छापण्याआधीच साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची चौकशी करा. छापून झाल्यावर तिथे गेलात तर उपयोग नाही.

एक कर्तव्य बहुतेकांना माहीतच नसते. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने, म्हणजे या प्रसंगी तुम्ही, पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नेमलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने एकेक प्रत पाठवायची असते. मघाशी सांगितलेल्या वीस प्रतींतल्या पहिल्या चार या. पाचवी इथल्या वाचनालयाला द्या. ती तुमच्या गावाची प्रत आहे. पुराचे पाणी पोचणार नाही अशा वरच्या फळीवर ती ठेवायला सांगा, आणि दाखल नोंदवहीत तिचा क्रमांक पडल्याचे पाहूनच घरी जा.