रक्ताची तपासणी आणि आशेचा सद्गुण

(धर्मग्रामाच्या ज्युबिली वर्षांत, ११ फेब्रुवारी रोजीं, रुग्णांच्या जागतिक दिनानिमित्त केलेलें भाषण)



ज्युबिलीचें वर्ष म्हणजे ईश्वराच्या उपकारांचें स्मरण करण्याचें वर्ष. त्या उपकारांची यादी करतांना आपल्या शरीराचें नांव आपण बहुधा सर्वांच्या शेवटीं घेतों. मंदिराचीं कौलें गळूं लागण्यापूर्वींच आपण गवंड्यास बोलावितों. परंतु ज्या शरीरास संत पौलानें पवित्र आत्म्याचें मंदिर मानिलें, त्याची विचारपूस मात्र तें अंथरुणास खिळल्यावांचून करीत नाहीं. संत योहान पौल दुसरे यांनीं १९९२ सालीं आजचा दिवस रुग्णांसाठीं नेमून दिला. त्याचें औचित्य साधून आज आम्ही एका व्यावहारिक विषयावर बोलणार आहों: रक्ताच्या नेहमीच्या तपासणीचा कागद कसा वाचावा.

आम्ही वैद्य नाहीं; उपचार सांगणें हें आमचें काम नव्हे. परंतु आजाऱ्यांच्या घरीं पवित्र कम्युनियन घेऊन जातांना आम्हांस दोन प्रकारचीं माणसें भेटतात. एक म्हणतो, "फादर, तपासायला गेलें कीं आजार निघतोच, न गेलेलें बरें." दुसरा कागदावरील एक ठळक आंकडा पाहून रात्रभर तळमळतो, आणि सकाळीं तो कागद कपाटांत कोंडून ठेवितो. संत थॉमस अक्विनास यांनीं आशा या सद्गुणाविरुद्ध दोन दोष सांगितले आहेत: फाजील भरंवसा आणि निराशा. आत्म्याच्या बाबतींत जें खरें, तेंच येथेंही खरें आहे. हे दोघे एकमेकांच्या उलट दिसतात. पण कागद दोघांपैकीं कोणीच वाचलेला नसतो.

तर तो वाचूं या. प्रथम साखर. निदान आठ तास उपाशी राहून दिलेल्या रक्तांत, दर १०० मिलिलिटरमागें, साखर १०० मिलिग्रॅमहून कमी असावी. १०० ते १२५ ही इशाऱ्याची पायरी होय. १२६ किंवा त्याहून अधिक आल्यास, आणि पुन्हा तपासून तेंच ठरल्यास, तो मधुमेह. नुसतें पाणी प्याल्यानें हा उपवास मोडत नाहीं. शेजारीं 'एचबीएवनसी' नांवाचा आंकडा असतो. तांबड्या पेशी सुमारें १२० दिवस जगतात आणि त्यांच्या रंगद्रव्यास साखर चिकटत राहते. म्हणून हा आंकडा मागील दोन-तीन महिन्यांची हकीकत सांगतो. ५.७ टक्क्यांच्या आंत असल्यास ठीक, ६.५ किंवा वर असल्यास मधुमेह. पापनिवेदनाच्या आदल्या दिवशींच सद्वर्तनी होणाऱ्या माणसाप्रमाणें, तपासणीच्या आदल्या दिवशीं गोड सोडणाऱ्याचें पितळ येथें उघडें पडतें. मात्र रक्तक्षय असतां हाही आंकडा वाट चुकवूं शकतो. तेव्हां तो डॉक्टरांस आवर्जून सांगावा.

दुसरें प्रकरण मूत्रपिंडांचें. लंडनच्या गायज् रुग्णालयांतील रिचर्ड ब्राइट यांनीं १८२७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत अंगावरील सूज, लघवींतून जाणारें अल्ब्युमिन आणि बिघडलेलीं मूत्रपिंडें यांचा संबंध दाखविला. तापविलेली लघवी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गोठते कीं नाहीं, हीच त्या काळची परीक्षा. पुढें १८८६ सालीं माक्स याफे या जर्मन शास्त्रज्ञास असें आढळलें कीं, क्रिएटिनिन पिक्रिक आम्लाच्या योगानें नारिंगी-तांबडा रंग धरतें. आजही पुष्कळ प्रयोगशाळांत त्याच रंगावरून तें मोजतात.

हें क्रिएटिनिन स्नायूंत रोज तयार होतें आणि मूत्रपिंडें तें गाळून बाहेर टाकितात. गाळणें मंदावलें कीं तें रक्तांत सांचतें. परंतु आंकडा एक असला तरी अर्थ एक नसतो. पंचवीस वर्षांच्या तरुणाचें क्रिएटिनिन १.२ असेल, तर सध्यांच्या सूत्रानें त्याची गाळण्याची शक्ति सुमारें ८६ येते. सत्तर वर्षांच्या आजीबाईंचें तेंच १.२ असेल, तर ती सुमारें ४९ येते. ज्याचे स्नायू कमी, त्याचें क्रिएटिनिन मुळांतच कमी बनतें; म्हणून वय आणि लिंग हिशेबांत धरावें लागतें. या शक्तीच्या आंकड्यास कागदावर 'ईजीएफआर' म्हणतात. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खालीं राहिला, तर तो दीर्घकालीन मूत्रपिंडविकार होय. १५ च्या खालीं गेल्यास मूत्रपिंडें निकामी झालीं असें समजतात. या वाटेवर बराच काळ कोठेंही दुखत नाहीं. म्हणूनच "मला कांहीं होत नाहीं" हा पुरावा येथें चालत नाहीं. मधुमेह्यांनीं लघवींतील अल्ब्युमिनही तपासून घ्यावें. पुष्कळांच्या बाबतींत पहिली खूण तेथेंच उमटते.

युरियाचा आंकडा कधीं 'युरिया' तर कधीं 'बीयूएन' या नांवानें छापतात. पहिला दुसऱ्याच्या २.१४ पट असतो. दोन प्रयोगशाळांचे कागद ताडून पाहतांना हें ध्यानांत ठेवावें, नाहींतर विनाकारण धसका बसतो. उन्हांत राबून पाणी कमी प्याल्यानेंही युरिया चढतो. पोटॅशियम साधारणतः ३.५ ते ५ असावें. आपल्या वसईचीं केळीं आणि शहाळ्याचें पाणी निरोग्यास हितकर. पण मूत्रपिंडें दुबळीं होऊन पोटॅशियम चढलें असेल, तर तींच विचारून घ्यावीं. 'कमी सोडियमचें' म्हणून मिळणाऱ्या मिठांत बहुधा पोटॅशियम असतें. असें मीठ अशा रुग्णानें स्वतःच्या मनानें सुरू करूं नये. गुडघेदुखीवर दुकानांतून आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांचेंही तसेंच. त्या दुबळ्या मूत्रपिंडांस अधिक दुबळें करितात.

आतां निराश होणाऱ्यांसाठीं एक गोष्ट. कागदावरील पुष्कळशा मर्यादा अशा ठरविलेल्या असतात कीं, शंभर निरोगी माणसांपैकीं पंचाण्णव त्यांच्या आंत यावीं. अशा चौदा तपासण्या एकदम केल्या आणि त्या परस्परांहून स्वतंत्र धरल्या, तर निरोग्यांपैकीं सुमारें निम्म्यांचा एखादा तरी आंकडा बाहेर पडेल. सुई टोंचतांना पेशी फुटल्या तर पोटॅशियम उगाच अधिक दिसतें. तेव्हां ठळक अक्षर ही शंका आहे, निर्णय नव्हे. शंका आली असतां तपास करावा, हें तर नीतिशास्त्राचेंही सांगणें आहे.

शेवटीं एक गोष्ट आमच्या अधिकारांतील. उपवासकाळ जवळ येत आहे. मधुमेहाचीं औषधें किंवा इन्शुलिन घेणारीं कांहीं भाविक माणसें राखेच्या बुधवारीं आणि शुभ शुक्रवारीं अन्न वर्ज्य करून औषध मात्र घेतात. मग घाम सुटतो, हातपाय कांपतात, शुद्धही हरपते. त्यांस आम्ही स्पष्टपणें सांगतों: उपवासाचा नियम अठरा वर्षें पूर्ण झाल्यापासून साठावें वर्ष लागेपर्यंत आहे, आणि आजाऱ्यास तो बांधीत नाहीं. त्यानें दानधर्म करावा, प्रार्थना करावी, भांडण मिटवावें, तेंही प्रायश्चित्तच. कम्युनियनपूर्वीं मध्यरात्रीपासूनचा उपवास आतां राहिलेला नाहीं. १९६४ सालापासून तो एका तासाचा आहे. पाणी आणि औषध यांनीं तो मोडत नाहीं. आणि वृद्ध, आजारी व त्यांची शुश्रूषा करणारे यांनीं त्या तासांत कांहीं खाल्लें असलें, तरी त्यांस कम्युनियन घेतां येतें. मिस्सेच्या वेळीं साखर उतरल्यासारखें वाटलें, तर बाकावर बसूनच साखर तोंडांत टाकावी. त्यांत प्रभूचा अनादर नाहीं.

प्रत्येक घरानें आपले कागद तारखेच्या क्रमानें एका ठिकाणीं ठेवावे. एका कागदावरून थोडें कळतें, तीन वर्षांच्या कागदांवरून वाट कोणीकडे चालली आहे तें कळतें. ज्यांस मधुमेह किंवा रक्तदाब आहे, त्यांनीं वर्षांतून एकदां तरी तपासावें. घरांत कोणास हे विकार असल्यास इतरांनीं आपण केव्हां तपासावें हें डॉक्टरांस विचारावें. आणि कागद कपाटांत न ठेवितां डॉक्टरांपुढें ठेवावा. वैद्याचा मान राखावा असें सिराखपुत्रानें सांगितलें, आणि शुभवर्तमानकार संत लूक हे स्वतः वैद्य होते. ज्युबिलीच्या या वर्षीं प्रभु आपणांस धीर देवो, निरोग्यांस सावध ठेवो आणि आजाऱ्यांच्या अंथरुणाशीं स्वतः बसो. आमेन.