पहिली भाषा कोणती?

(शुगर लँड येथे पालकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी आयटीतला, त्यामुळे कुठल्याही पॉटलकला गेलो की श्रीखंड ताटात पडायच्या आत प्रश्न येतो, "मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायचंय, सुरुवात कुठल्या भाषेपासून करू?" पूर्वी मी ठामपणे सांगायचो, "सी!" कारण पुण्यात इंजिनिअरिंगला मी तीच शिकलो. टर्बो सीचा तो निळा स्क्रीन तुमच्यापैकी कित्येकांना आठवत असेल. सीने पाया पक्का होतो, असं आमचे सर म्हणत.

तोच पाया मी माझ्या नऊ वर्षांच्या लेकीसाठी खणायला घेतला. पहिला शनिवार सेमीकोलनमध्ये गेला, दुसरा स्कॅनएफमधल्या अँपरसँडमध्ये. तिसऱ्या शनिवारी ती म्हणाली, "बाबा, हे तुझं ऑफिसचं काम आहे. मला नको." पुढचे सहा महिने तिने प्रोग्रॅमिंगचं नाव काढलं नाही. चूक तिची नव्हती, सीचीही नव्हती. दोन ओळी लिहून काहीतरी हलताना दिसावं, एवढंच तिला हवं होतं.

मग तिला स्क्रॅच दाखवलं. एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ साली सर्वांसाठी खुलं केलेलं, फुकट. रंगीत ठोकळे जोडले की मांजर चालू लागतं. बघणाऱ्याला खेळणं वाटतं, पण लूप, अटी, व्हेरिएबल सगळं त्यात आहे. टायपिंग जमू लागलं की पायथॉन.

आता जावा. हायस्कूलचं एपी कॉम्प्युटर सायन्स ए जावात असतं, म्हणून काही पालक पाचवी-सहावीतच जावा सुरू करतात. मला हे पटत नाही. लूप कळलेल्या मुलाला जावा पुढे जड जात नाही. कंटाळलेल्या मुलाला परत बसवणं फार जड जातं. अनुभवाचे बोल!

"हल्ली एआयच कोड लिहून देतं, मग शिकायचं कशाला?" असंही विचारतात. त्याने लिहिलेलं कुठे चुकलंय ते ओळखायला! माझा ऑफिसातला निम्मा दिवस त्यातच जातो.

लेक आता अकरा वर्षांची आहे. पायथॉनबरोबर टर्टल नावाचं एक कासव येतं, ते स्क्रीनवर रेषा काढतं. गेल्या दिवाळीत तिने त्याच्याकडून पणत्या काढून घेतल्या. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीतही चालतं, म्हणून तिने नाव ठेवलं ‘पणत्या’. पुण्याहून आलेल्या आजीला विचारलं, "किती हव्यात?" आजीने मराठी कीबोर्डवर ‘२१’ टाइप केलं. मला वाटलं, आता एरर येणार. पण पायथॉनच्या इंट फंक्शनला देवनागरी आकडेही कळतात, हे मलाच ठाऊक नव्हतं! एकवीस पणत्या रांगेत उमटल्या.

आजीला चेव चढला. तिने ‘५१’ टाकलं आणि कासव पणत्या काढत काढत स्क्रीनच्या बाहेर निघून गेलं. सध्या आमच्याकडे दुसरी रांग कशी सुरू करायची, यावर काम चालू आहे. मला विचारायचं नाही, अशी सक्त ताकीद मिळाली आहे.