परसातली आगगाडी आणि जुन्या लोहमार्गांची यात्रा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



परसात रूळ मांडून लहानशी आगगाडी चालविण्याचा छंद मला आहे, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक आहे. त्यास कोणी पोरखेळ म्हटले तर मी वाद घालीत नाही. मात्र ह्या छंदापायी जे जुने लोहमार्ग आणि जी संग्रहालये मी पाहिली, त्यांतून पदरी पडले ते केवळ खेळाचे नाही. तेच आज आपणांपुढे ठेवावे असा मानस आहे.

प्रथम ह्या छंदाचे गणित सांगतो. दिवाणखान्यातील टेबलावर धावणारी गाडी निराळी आणि परसातली निराळी. परसातल्या गाडीस ऊन, पाऊस, चिखल आणि झाडांची मुळे ह्यांच्याशी सामना करावा लागतो; तेव्हा ती अंगाने दांडगी हवी. इंग्लंडात एका फुटास 16 मिलिमीटर हे प्रमाण रूढ आहे. म्हणजे मूळ वस्तूचा सुमारे एकोणिसावा हिस्सा. त्या हिशेबाने 2 फुटी लोहमार्ग 32 मिलिमीटरांत बसतो. माथेरानचा मार्ग 2 फुटांचा, तेव्हा तो 32. आणि बार्शी लाइट रेल्वेचा मार्ग अडीच फुटांचा, तेव्हा तो 40. एवढे गणित जुळले की माणूस नकळत खऱ्या गाडीच्या शोधास लागतो. इतर प्रेक्षक संग्रहालयातील इंजिनाचा रंग पाहतात. आम्ही वाकून त्याच्या पोटाखाली काय आहे ते पाहतो, कारण छायाचित्रात तोच भाग कधी येत नाही.

माथेरानचेच उदाहरण घ्या. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय ह्यांनी 1904 साली हाती घेतलेला तो मार्ग 1907 साली खुला झाला. त्याकरिता जर्मनीतील ओरेनस्टाइन आणि कॉपेल ह्या कारखान्यातून चार इंजिने आणविण्यात आली. त्यांतील 740 क्रमांकाचे इंजिन पुढे इंग्लंडातील लेटन बझर्ड येथील छोट्या रेल्वेच्या संग्रहात दाखल झाले. दुसरे एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. ह्या इंजिनांची खुबी त्यांच्या आसांत आहे. पुढील व मागील चाकांचा आस पोकळ असून त्याच्या गाभ्यात दुसरा आस असतो. त्यामुळे तीव्र वळणावर ही चाके किंचित तिरपी होतात व बाजूस सरकतात, आणि इंजिन रूळ सोडीत नाही. तुळशीवृंदावनास वळसा घालताना आमच्या चिमुकल्या इंजिनापुढेही हीच अडचण उभी राहते. तिचे उत्तर अभियंत्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी देऊन ठेविले आहे.

आता वेल्स प्रांतातील टॅलिलिन रेल्वेकडे वळू. 2 फूट 3 इंच रुंदीचा हा सुमारे सव्वासात मैलांचा मार्ग 1860 नंतरच्या दशकात पाटीचा दगड वाहून नेण्यासाठी बांधला गेला. 1946 साली खाण बंद झाली, 1950 साली मालक वारले, आणि मार्ग मोडीत निघणार असे दिसू लागले. तेव्हा टॉम रोल्ट ह्या लेखकाच्या पुढाकाराने बर्मिंगहॅम येथे सभा भरली, संस्था स्थापन झाली, आणि मे 1951 मध्ये स्वयंसेवकांनी गाडी चालविली. त्या वेळी 1866 सालचे ‘डॉल्गॉक’ हे एकच इंजिन चालण्याजोगे होते. स्वयंसेवकांनी जतन केलेली जगातील पहिली रेल्वे ती हीच. टायविन स्थानकातील संग्रहालय पाहताना माझ्या मनात ठसले ते हे की, ह्या कार्यामागे ना सरकार होते, ना धनिक. होती ती सुटीच्या दिवशी फावडे हाती घेणारी सामान्य माणसे.

ह्याच्या उलट चित्र स्टॅफर्डशायर परगण्यात दिसते, आणि त्याचा धागा थेट आपल्या बार्शीशी जुळतो. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा अभियंता 1882 साली जी.आय.पी. रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. पुढे त्याने बार्शी लाइट रेल्वे उभारली; तिचा पहिला टप्पा 1897 साली खुला झाला. इंजिन असो वा वाघीण, कोणत्याही आसावर 5 टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, हा त्याचा दंडक. त्यामुळे हलक्या रुळांवरही भरघोस माल वाहता आला. ती विद्या घेऊन तो मायदेशी गेला आणि त्याच धर्तीवर लीक व मॅनिफोल्ड व्हॅली ही अडीच फुटी रेल्वे 1904 साली सुरू झाली. बार्शीने इंग्लंडास धडा दिला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही! परंतु ती रेल्वे 1934 साली बंद पडली. तिला रोल्ट भेटला नाही. आज त्या मार्गावर पायवाट आहे. मी तीवरून चाललो, पण मोजावयास रूळ उरला नव्हता.

आणि आपली बार्शीची गाडी? लातूरपासून मिरजेपर्यंत 202 मैल पसरलेली, पंढरीच्या वारकऱ्यांना विठ्ठलाच्या पायांशी नेणारी ती गाडीही रुंद मार्ग आल्यावर इतिहासजमा झाली. मार्ग रुंद झाला हे योग्यच झाले. लोकांची सोय छंदाहून मोठी. पण गाडी गेली म्हणून तिची आठवणही जावी काय? परसात तिची प्रतिकृती करू पाहणाऱ्यास डब्यातील बाक किती उंच होते, दाराची कडी कशी होती, हे कोणत्याच पुस्तकात सापडत नाही. ते ठाऊक आहे त्या गाडीत बसलेल्या वा तीवर चाकरी केलेल्या वृद्धांना, आणि त्यांची संख्या वर्षागणिक घटत आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच. आपल्या घरी जुना फोटो, तिकीट, वेळापत्रक, कंदील वा बिल्ला असेल तर तो मोडीत देऊ नका. त्यामागे वर्ष, स्थानक आणि माणसाचे नाव लिहून ठेवा. घरातील आजोबा-आजींजवळ बसून त्यांच्या प्रवासाची हकीकत उतरवून घ्या आणि तिची एक प्रत मंडळाच्या ग्रंथालयात द्या. टॅलिलिनच्या स्वयंसेवकांनी गाडी वाचविली; आपण निदान तिची हकीकत तरी वाचवू.