माझं स्थळ मला वाचू द्या



माझ्यासाठी आलेलं पहिलं स्थळ मला थोरल्या भावानं वाचून दाखवलं. मी जन्मापासून पूर्णांध. आम्ही कराडचे. मुलगा तासगावकडचा, अल्पदृष्टी असलेला, बँकेत नोकरीला. बायोडाट्यासोबत त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं पत्र होतं. दादानं नाव, शिक्षण, पगार, मामाचं कूळ, सगळं वाचलं आणि कागदाची घडी घातली. पत्रातला एक प्रश्न मात्र त्यानं वाचलाच नाही. तीन महिन्यांनी एका मैत्रिणीनं त्या मुलाचा फोन जोडून दिला, तेव्हा तो म्हणाला, "तुम्हाला स्वतःला लग्न करायचं आहे का, असं मी पत्रात विचारलं होतं. उत्तर आलं नाही, म्हणून मी नकार समजलो."

दादाच्या मनात काही वाईट नव्हतं. परक्या मुलानं आपल्या बहिणीला असं थेट विचारावं, हे त्याला रुचलं नाही. पण प्रश्न मला होता आणि तो माझ्यापर्यंत पोचलाच नाही. नशीब, की फोन आला. आज तो मुलगा माझा नवरा आहे.

हे आज सांगते आहे, कारण आता पत्रं गेली आणि स्थळं मोबाइलवर येऊ लागली. अंध मुलामुलींच्या हातातही मोबाइल आहे. तरी मध्ये बसून वाचणारा तो दादा अजून तिथेच आहे. तो का आहे आणि त्याची गरज कशी संपवता येईल, एवढंच मला बोलायचं आहे.

आम्ही मोबाइल कसा वापरतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर. पडद्यावरून बोट फिरवलं, की बोटाखाली जे असेल ते फोन बोलून सांगतो, अगदी मराठीतही. हवं ते सापडलं, की दोनदा टकटक करायचं. संगणकासाठी एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडदा वाचून दाखवणारं साधन, आहे. ते बनवणारे ऑस्ट्रेलियातले मायकल करन आणि जेम्स टेह हे दोघं स्वतः अंध. २००६ मध्ये या कामाला सुरुवात झाली आणि त्यांनी ते साधन सगळ्या जगाला विनामूल्य दिलं. अशा साधनांच्या बळावर आमची मुलं नोकऱ्या करतात, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात, भाजीवाल्याला यूपीआयनं पैसे देतात. २०११ च्या जनगणनेत देशात ५० लाखांवर आणि महाराष्ट्रात पावणेसहा लाखांच्या आसपास माणसांच्या नावापुढे दृष्टीचं अपंगत्व नोंदवलं गेलं. त्यांतल्या तरुणांनाही सोबत हवी असते, प्रेम हवं असतं.

पण स्क्रीन रीडर या साधनाची एकच अट आहे. पडद्यावर अक्षरं असतील, तरच ते वाचतं. चित्र असेल, तर बहुतेक वेळा 'फोटो' एवढंच सांगून गप्प बसतं.

आता आपल्या सातारा-सांगलीकडं स्थळ कसं येतं, ते आठवा. समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बायोडाटा पडतो. वर गणपती, कडेनं फुलांची नक्षी, कोपऱ्यात मुलीचा फोटो, मध्ये सगळी माहिती. पण तो सबंध कागदच चित्र म्हणून पाठवलेला असतो. डोळस माणसाला एका नजरेत सगळं कळतं. अंध मुलाला त्याचा फोन सांगतो, "फोटो". कधी पीडीएफ येते, पण ती डीटीपीच्या दुकानात जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. मग मुलीचं नाव ऐकू येण्याऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांची बडबड ऐकू येते. शेवटी मुलगा हाक मारतो, "आई, जरा वाचून दाखव गं."

आई काय वाचते? तिला महत्त्वाचं वाटेल ते. मुलीनं 'मला गाण्याची आवड आहे, लग्नानंतरही नोकरी करायची आहे' असं लिहिलेलं असेल, तर ते वाचलं जाईलच याची खात्री कोण देणार?

ॲपवर गेलं तर वेगळी अडचण. ओळखीच्या बऱ्याच ॲपमध्ये फोटो उजवीकडे सरकवला की पसंती, डावीकडे सरकवला की नापसंती. टॉकबॅक सुरू असताना मात्र एका बोटानं उजवीकडे सरकवणं म्हणजे पुढच्या घटकावर जाणं. तीच खूण, अर्थ दोन. ज्या ॲपमध्ये 'पसंत' आणि 'नको' अशी नाव दिलेली बटणं नसतात, तिथं अंध माणूस अडकतो. बटण असतं, पण त्याला नाव दिलेलं नसतं, म्हणून फोन नुसताच 'बटण, बटण' म्हणत राहतो. त्यातलं कुठलं होकाराचं आणि कुठलं पैसे कापणारं, हे दाबल्यावरच कळतं. हे दुखणं सगळीकडचंच आहे. अमेरिकेतली वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठं तपासते. २०२५ च्या तपासणीत ९४.८ टक्के पानांवर दिव्यांगांना अडवणारे दोष सापडले. चित्रांना वर्णन नसणं आणि अर्जातल्या रकान्यांना नाव नसणं, हे त्यांतले नेहमीचे.

मला आपल्याकडचे वधू-वर मेळावे आठवतात. मंगल कार्यालयात एकेक जण व्यासपीठावर येतो आणि माइकवर स्वतःचं नाव, गाव, शिक्षण, अपेक्षा सांगतो. कुणाचा आवाज कापतो, कुणी खणखणीत बोलतं, कुणी वडिलांकडे माइक देऊन मोकळं होतं. खुर्चीत बसलेल्या अंध मुलीला त्यातून खूप काही कळतं. त्या मेळाव्यात जे होतं ते ॲपमध्ये राहिलं नाही. तिथं माणसाचा आवाज गेला आणि फोटो उरला.

तो आवाज परत आणता येईल. प्रत्येकाला एका मिनिटाची ओळख स्वतःच्या आवाजात ठेवता यावी आणि तीच मजकुरातही असावी. फोटो टाकताना खाली एक रकाना असावा: 'या फोटोत काय आहे, ते लिहा.' 'द्राक्षबागेत उभा आहे, अंगात निळा शर्ट, शेजारी आमची म्हातारी कुत्री.' फोटोपाठोपाठ एवढी ओळ आली, तरी समोरचा माणूस थोडा कळतो. आता फोटोचं वर्णन करणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही आली आहे आणि तिचा उपयोग होतो. पण आपल्या फोटोत काय महत्त्वाचं, हे त्या माणसानं स्वतः सांगणं वेगळं.

ओळख पटवण्याचं पाऊल तर आमच्यासाठी फार कठीण. एका ॲपवर मला चेहरा चौकटीत धरून पापण्या मिचकवायला सांगितलं. चौकट कुठे आहे, ते कळेना. सहाव्या वेळी मी नवऱ्याला हाक मारली, पण त्यालाही ती नीट दिसेना. बँकेचं खातं, सिमकार्ड यांसाठीही असंच करावं लागत होतं. त्याविरुद्ध ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि अंध वकील अमर जैन सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल लागला. डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयानं सांगितलं आणि २० निर्देश दिले. त्याआधी ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात, सुगम्यतेचे नियम ऐच्छिक ठेवून चालणार नाही, ते बंधनकारकच हवेत, असं याच न्यायालयानं बजावलं होतं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. वेबसाइट आणि ॲप कसं असावं, हे सांगणारं आयएस १७८०२ हे भारतीय मानकही तयार आहे. म्हणजे लग्न जुळवणाऱ्या ॲपला आमच्यासाठी दार उघडं ठेवायला सांगणं, ही मेहेरबानीची मागणी नव्हे.

आपल्याकडे असा प्रयत्न होऊन गेला आहे. कल्याणी खोना आणि शंकर श्रीनिवासन यांनी २०१६ मध्ये 'इनक्लोव्ह' नावाचं ॲप सुरू केलं. ते स्क्रीन रीडरवर चालेल असं बनवलं होतं आणि दिव्यांगांबरोबर इतरांनाही त्यात प्रवेश होता. प्रत्यक्ष भेटीगाठीही ते घडवत. २०१९ मध्ये ते बंद पडलं. त्यातून मी एक गोष्ट घेते. वेगळ्या दालनाचं स्वागत आहे, पण मोठ्या वाड्याचं मुख्य दारही आम्हाला उघडता यायला हवं. अंधानं अंधाशीच लग्न करावं की डोळसाशी, हे दालनानं ठरवू नये. आपलं अंधत्व कुणाला, कधी सांगायचं, हेही ज्याचं त्यानं ठरवावं.

'म्हणजे हे डेटिंगच की,' असं वाटून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. त्यांना मी नम्रपणे सांगते, दोन माणसांनी निर्णयाआधी स्वतः एकमेकांशी बोलणं, एवढाच त्याचा अर्थ धरा. आणि आमच्या मुलींना त्याची गरज सर्वांत जास्त आहे. अंध मुलासाठी घरचे डोळस सून शोधत फिरतात. अंध मुलीला मात्र म्हणतात, "तुला कशाला हवं लग्न? स्वयंपाक कोण करणार, पोरं कोण सांभाळणार?" मी स्वयंपाक करते. पोरं सांभाळली आहेत. ज्या मुलीसाठी घरातून कुणी स्थळच शोधत नाही, तिच्या हातातला फोन हाच तिचा एकमेव मध्यस्थ असतो. तो तरी तिच्याशी नीट बोलू दे.

धोके आहेत, ते लपवत नाही. फोटोतला माणूस आणि फोनवरचा माणूस एकच आहे का, हे आम्हाला डोळ्यांनी पडताळता येत नाही. म्हणून तरुण मित्रमैत्रिणींनो, आधार कार्ड किंवा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र अनोळखी माणसाला पाठवू नका. ओटीपी सांगू नका. कुणी भावनेच्या भरात पैसे मागितले, तर तिथेच थांबा. पहिली भेट गजबजलेल्या जागी ठेवा, विश्वासातल्या एका माणसाला सांगून जा. आमची पहिली भेट कराडच्या प्रीतिसंगमावर झाली, भर दुपारी, आजूबाजूला माणसं असताना. मैत्रीण थोड्या अंतरावर बसली होती. आमचं बोलणं मात्र आम्हा दोघांतच राहिलं. आणि ॲप बनवणाऱ्यांनो, तक्रारीचं आणि अडवण्याचं बटण आमच्या बोटाला लगेच सापडेल असं ठेवा. ॲप बाजारात आणण्याआधी ते मराठी आवाजात टॉकबॅक लावून अंध मुलामुलींच्या हातात द्या, आणि त्यांना त्या कामाचे पैसे द्या.

पण सगळं ॲपवाल्यांवर सोपवून चालणार नाही. सर्वांत स्वस्त सुधारणा आपल्याच हातात आहे. वधू-वर सूचक मंडळांना, ग्रुप चालवणाऱ्यांना, डीटीपीच्या दुकानदारांना माझी विनंती आहे. सुंदर बायोडाटा जरूर बनवा, पण त्याखाली तीच माहिती युनिकोडमध्ये, साध्या मजकुरात टाइप करून पाठवा. पाच मिनिटांचं काम आहे, खर्च काही नाही.

आणि ज्यांच्या घरी माझ्यासारखा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या आईवडिलांना, दादा-ताईंना एवढंच सांगते. पुढचं स्थळ आलं, की ते वाचून दाखवू नका. तो मजकूर त्याच्या किंवा तिच्या फोनवर पाठवा, खोलीचं दार ओढून घ्या आणि ते वाचून होईपर्यंत बाहेर थांबा.