रहिवासाचा दाखला

(वाई येथे वसंत ऋतूतील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय 'निवृत्तीनंतरचे जीवन आणि लहान गावे' असा छापलेला आहे, आणि तो छापण्यापूर्वी चालकांनी माझी संमतीही घेतली होती. तथापि निवृत्तिवेतन, औषधोपचार आणि वाचनालयाची वर्गणी एवढे वगळले, तर त्या जीवनात तासभर बोलण्याजोगे फारसे काही उरत नाही (हशा), म्हणून परगावाहून आलेला माणूस नव्या गावाचा केव्हा होतो, एवढ्या एकाच प्रश्नापुरते मी आज बोलणार आहे. खरेदीखत झाले, शिधापत्रिकेवरचा पत्ता बदलला, मतदारयादीत नाव चढले, की सरकारदरबारी तो रहिवासी ठरतो. गावाच्या दप्तरी मात्र त्याची नोंद होते ती त्या गावची हवा त्याच्याकडून काम करून घेऊ लागल्यावर. आणि हे लवकर घडावे, यासाठी प्रत्येक घराच्या अंगणात एक पर्जन्यमापक असला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. हसण्याचे कारण नाही. मी हे पूर्ण विचारांती बोलत आहे.

या व्यासपीठावर पावसाचे मोजमाप अस्थानी आहे, असे ज्यांना वाटत असेल त्यांना मी एक योग दाखवतो. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला तो १८७५ साली, आणि हिंदुस्थानच्या हवामान खात्याची स्थापना झाली तीही १८७५ सालीच. पुढे १९२८ मध्ये त्या खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले आणि दोन्ही संस्था एका शहरात नांदू लागल्या. वक्त्याला लांबण कुठवर लावता येईल याचा अंदाज मात्र त्या खात्यालाही वर्तवता आलेला नाही. (हशा)

आता पश्चिमेचा बाष्पाने भरलेला वारा सह्याद्रीला अडून वर चढतो, थंडावतो, आपला भार घाटमाथ्यावर उतरवतो आणि पूर्वेकडे उतरताना पुन्हा तापून कोरडा होतो, हे पर्जन्यछायेचे प्रकरण इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असल्यामुळे मी त्यात शिरत नाही. महाबळेश्वरी वर्षाला दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो, तिथली घरे गवताच्या झड्या बांधून चार महिने स्वतःला कोंडून घेतात, आणि पसरणीचा घाट उतरून आपण वाईत आलो की तोच पाऊस चाळीस इंचांच्या आत येतो. एवढी तफावत काही कोसांत अनुभवणाऱ्या लोकांना हवामानाविषयी परक्याने काय सांगावे, हा आक्षेप मला समोरच्या रांगेतल्या काही चेहऱ्यांवर स्पष्ट दिसतो आहे. माझे उत्तर असे, की आपण या हवेत जन्मलात म्हणून आपल्याला ती दिसत नाही. ती पाहण्यासाठी आमच्यासारख्या उपऱ्यांचीच गरज लागते.

आम्ही मुंबईची माणसे शांततेच्या शोधात इथे येतो. मुंबईत पाऊस म्हणजे लोकल कोठवर चालू आहे याची चौकशी, आणि उन्हाळा म्हणजे पंख्याखालची जागा. बाकी ऋतू तिकडे पंचांगात असतात. अशी माणसे इथे आली, की खिडकीतून डोंगर बघतात, कृष्णेवरचे धुके बघतात, ढग बघतात, आणि देखावा पाठ झाला की त्यांना कंटाळा येतो. मग गाव फार शांत आहे अशी तक्रार करीत ती परत जातात. गावात घडामोडी नसतात असे नाही. इथली रोजची मोठी घडामोड हवा हीच असते, आणि तिच्यात आपला काही हिस्सा नसेल तर माणूस प्रेक्षकच राहतो.

यावर एक छोटासा प्रसंग सांगतो. आम्ही इथे आल्यानंतरच्या पहिल्याच वैशाखात सौभाग्यवतींनी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या आणि आम्ही उभयता मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा पाहण्यास गेलो होतो. परत येतो तो रस्ता ओला आणि गच्ची मोकळी. पण पडवीत जुन्या लुगड्यासकट सगळ्या कुरडया जशाच्या तशा. समोरच्या काकूंशी आमची ओळख नमस्कारापलीकडे गेलेली नव्हती. तरी वळवाचे लक्षण दिसताच त्यांनी, अगोदर आमचे आणि मग स्वतःचे, असे वाळवण उतरवले होते. आभार मानायला गेलो, तर त्यांना आम्ही कशाबद्दल बोलतो आहोत हेच कळेना. हे झाले उपकारांचे. खरी गोष्ट पुढच्या आठवड्यातली. काकू लग्नाला साताऱ्यास निघाल्या आणि जाता जाता रस्त्यावरूनच म्हणाल्या, "आबा, वर पापड हायत. दुपारी तीननंतर जरा वैराटगडाच्या अंगाला बघत ऱ्हावा." बस्स! विनंती नाही, संकोच नाही. मी अडीच वाजल्यापासून गच्चीवर ठाण मांडले. पावणेचारला त्या अंगाला काळे दिसले, वारा पडला, आणि मग जो फिरला तो धुळीचा लोट घेऊनच. काकूंचे पापड उतरवतो तोच पलीकडच्या गच्चीवर कुणाचे सांडगे उघडे दिसले, ते आणले, त्यांच्याशेजारी शेवया होत्या, त्याही आणल्या, आणि गारा सुरू झाल्या तेव्हा आमच्या पडवीत तीन घरांचे वर्षाचे वाळवण होते. मग संध्याकाळी कोणते ताट कोणाचे यावर जी मसलत भरली, तिच्यात उडदाच्या पापडाचा वाद तर... (घंटा) अध्यक्षमहाराज, घंटा झाली हे खरे. परंतु मुख्य मुद्दा अजून व्हायचाच आहे. (हशा) पापडाचा निकाल मी वगळतो. सांगायचे इतकेच, की पाहुण्यावर कोणी पापड सोपवून जात नाही.

आता पर्जन्यमापक. कोणी म्हणेल, सरकारचा आहे तो पुरे. सरकारी नोंद सबंध महसूल मंडळाच्या नावाने होते, आणि वळवाचा पाऊस मंडळाच्या हद्दी मानीत नाही. तो एका आळीत गारा टाकतो आणि दुसरीत धूळही दबू देत नाही. आषाढात पश्चिमेच्या खोऱ्यातला शेतकरी चिंब घोंगडी खांद्यावर टाकून बाजाराला येतो तेव्हा इथे ऊन असते. म्हणून ज्याने त्याने आपल्या अंगणाचे मोजावे. साधन उघड्यावर ठेवा, भिंतीपासून तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर. मोजणी सकाळी साडेआठला, कारण हवामान खात्याचा पर्जन्यदिवस तेव्हाच संपतो. एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. एका एकरावर एक इंच पडला तर सुमारे शंभर टन पाणी आले, हे एकदा मनात भरले की माणूस ढगाकडे पूर्वीसारखा पाहूच शकत नाही. माझ्या नळीतला आकडा प्रथम शेजारची मुले विचारू लागली, मग दूधवाला, मग ज्यांची नावे मला आजही ठाऊक नाहीत असे लोक. आणि त्यांच्या अंदाजाशी तो जमला नाही, तर दोष नेहमी माझ्या नळीचाच निघाला. एवढ्या हक्काने जिथे आपले चुकते असे सांगितले जाते, तिथे रहिवासाचा आणखी दाखला मागू नये.

बाहेर गडगडू लागले आहे आणि मागच्या रांगांतून भगिनीवर्ग उठू लागला आहे, तो माझ्या व्याख्यानाला कंटाळून नव्हे, असे मी धरून चालतो. (हशा) ज्यांचे वाळवण उघड्यावर आहे त्यांनी आभारप्रदर्शनासाठी थांबू नये. बाकीच्यांना एवढेच, की उद्या सकाळी घाटावर भेट झाली आणि मी किती पडला असे विचारले, तर "बरा झाला" हे उत्तर मी स्वीकारणार नाही. (टाळ्या)