इंटरनेटचे व्यसन आणि इंटरनेटची सक्ती

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



तरुण पिढी मोबाईलच्या आहारी गेली आहे, ही तक्रार आज पालकसभेपासून विधिमंडळापर्यंत सर्वत्र ऐकू येते. तक्रार खोटी नाही. परंतु ‘आहारी गेली’ या शब्दप्रयोगात जाणारा तेवढा दिसतो, नेणारा दिसत नाही. एखाद्या वस्तूचा खप एकाएकी वाढलेला आढळला, तर अर्थशास्त्राचा विद्यार्थी ग्राहकाच्या स्वभावाची चौकशी करण्यापूर्वी त्या वस्तूची किंमत पाहतो, तिचा पुरवठा कोण व कशासाठी करतो ते पाहतो, आणि ग्राहकापुढे दुसरा पर्याय होता काय हेही पाहतो. इंटरनेटच्या बाबतीत हाच क्रम ठेवणे श्रेयस्कर.

प्रथम किंमत. भारतात सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा सुरू झाली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगम या सरकारी कंपनीमार्फत. १९९८ च्या अखेरीस खाजगी कंपन्यांना या क्षेत्रात प्रवेश मिळाला आणि २००२ साली निगमाचेच खाजगीकरण झाले. तथापि पुढेही बराच काळ इंटरनेट ही मोजूनमापून वापरण्याची वस्तू होती. सायबर कॅफेत बसलेला विद्यार्थी एक डोळा घड्याळावर ठेवीत असे. त्याचा संयम हा काही संस्कारांचा प्रभाव नव्हता, तो तासाच्या दराचा प्रभाव होता. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार २०१४ साली एक जीबी डेटासाठी ग्राहकाला सरासरी सुमारे २६९ रुपये पडत. २०१८ साली हा आकडा १२ रुपयांच्या आत आला. मधल्या काळात, सप्टेंबर २०१६ मध्ये, रिलायन्स जिओ बाजारात उतरली आणि मार्च २०१७ अखेरपर्यंत तिने ग्राहकांकडून डेटाचे पैसेच घेतले नाहीत.

भारतीय माणसाला ही पद्धत नवी नव्हे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात चहाच्या मळेवाल्यांच्या वतीने बाजारात आणि रेल्वे स्थानकांवर लोकांना चहा फुकट पाजला जात असे. सवय जडल्यावर किंमत आकारता येते, हे व्यापाऱ्याला मानसशास्त्रज्ञाच्या आधी कळते. २००४ साली जन्मलेले मूल २०१६ साली बारा वर्षांचे होते. त्या वयात जी वस्तू फुकट आणि अमर्याद मिळाली, तिचा वापर त्याने बेताने करावयास हवा होता, असे आज त्याला सुनावणे हा अन्याय आहे.

याचा अर्थ डेटा महाग असावा असा मुळीच नाही. स्वस्त इंटरनेटमुळे आडगावच्या मुलीला उत्तम व्याख्याने ऐकता आली, स्थलांतरित मजुराला घरच्यांचा चेहरा पाहता आला. ज्ञानाच्या दारावर पहारा बसवणाऱ्या समाजात या गोष्टीचे मोल समाजवाद्याने तरी कमी लेखू नये. प्रश्न स्वस्ताईचा नाही. ग्राहकाने न दिलेली किंमत कोण आणि कशाच्या बदल्यात देतो, हा आहे.

हर्बर्ट सायमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७१ सालीच या प्रश्नाचे उत्तर सुचवून ठेवले होते. माहिती मुबलक झाली की जी वस्तू दुर्मिळ होते ती माणसाचे अवधान, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय होता. दुर्मिळ वस्तूचा बाजार भरतोच. फेसबुक आणि इन्स्टाग्राम यांची मालक असलेल्या मेटा कंपनीचे बहुतेक सर्व उत्पन्न जाहिरातींतून येते. अर्थात तिचा ग्राहक जाहिरातदार. पडद्याकडे पाहणारा मुलगा हा तिचा कच्चा माल. कापड गिरणीचा मालक कामाचा दिवस लांबवू पाहत असे. हा नवा मालक माणसाचा जागेपणाचा काळच लांबवू पाहतो. २०१७ साली नेटफ्लिक्सचे तत्कालीन प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी आपल्या कंपनीची स्पर्धा माणसाच्या झोपेशी असल्याचे उघडपणे सांगितले होते. भांडवलदार इतके स्पष्ट क्वचितच बोलतो, म्हणून त्यांचे आभारच मानावयास हवेत.

आणि हे लांबवणे आपोआप घडत नाही. पुस्तकाचे पान संपते, वर्तमानपत्र संपते, चित्रपटही संपतो. न संपणारे पान मात्र मुद्दाम बनवावे लागते. ते २००६ साली एझा रॅस्किन या तंत्रज्ञाने बनवले आणि पुढे आपल्या या कृतीबद्दल जाहीर खंतही व्यक्त केली. फेसबुकवरील पसंतीचा अंगठा २००९ सालचा. २०२१ साली फ्रान्सिस हॉगेन या माजी कर्मचारी महिलेने फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे उघड केली. इन्स्टाग्राममुळे काही किशोरवयीन मुलींच्या मनात स्वतःच्या शरीराविषयीची न्यूनता वाढते, हे कंपनीच्या संशोधकांना ठाऊक होते, असे त्यांतून दिसले. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतील चाळीसहून अधिक राज्यांनी मेटाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, ती मुलांना गुंतवून ठेवणाऱ्या याच रचनेबद्दल. पलीकडच्या बाजूला हजारो अभियंते आणि अवाढव्य गणकयंत्रे, अलीकडे सातवीतला मुलगा. या झुंजीत ‘मनोनिग्रह कर’ हा उपदेश कितपत पुरेल?

परंतु एवढे म्हणून थांबता येणार नाही. व्यसनाची दुकाने टाळता येतात. इंटरनेट टाळता येत नाही, कारण ती सवय तर झालीच, शिवाय सक्तीही झाली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ साली इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे शहरांत ४२ टक्के आणि ग्रामीण भागात सुमारे १५ टक्के होती. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाईलवर गेले. ज्या घरात मोबाईल नव्हता तेथे तो कर्ज काढून घ्यावा लागला, आणि एकच असला तर बहुधा तो मुलीच्या आधी मुलाच्या हाती गेला. मुलांच्या हाती मोबाईल देऊ नका असे सांगणाऱ्या शाळेनेच तो हाती द्यावयास लावला. शाळा पुन्हा भरल्या, पण गृहपाठ आणि सूचना यांपैकी पुष्कळशा गोष्टी आजही पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर येतात. २०२५ सालापासून महाराष्ट्रात अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवरील मजुरांची हजेरी मोबाईल ॲपवर नोंदवणे केंद्र सरकारने बंधनकारक केले. जाळे मिळाले नाही की दिवसभर खोदलेल्या मातीचा हिशेब लागेना, अशा तक्रारी गावोगावच्या मजुरांनी केल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. त्यांची एक तक्रार अशी होती की माहिती भरण्याचे ॲप इंग्रजीत होते. तंत्रज्ञान नाकारणाऱ्या या स्त्रिया नव्हेत. ते कोणाच्या सोयीने आणले जाते, एवढेच त्या विचारीत होत्या.

परावलंबन किती खोल गेले आहे हे आधार काढून घेतल्यावर कळते. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ च्या प्रारंभी सरकारने इंटरनेट बंद केले. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटद्वारे होणारी अभिव्यक्ती व व्यवसाय यांना घटनेचे संरक्षण असल्याचे सांगितले, अनिश्चित काळाची बंदी अमान्य ठरवली. तरी संपूर्ण प्रदेशात वेगवान सेवा परत येण्यास ५ फेब्रुवारी २०२१ उजाडले. मधल्या साथीच्या काळात तेथील विद्यार्थ्यांना अतिमंद जोडणीवर वर्ग भरवावे लागले. ज्या वस्तूची एका हाताने सक्ती करावयाची, ती दुसऱ्या हाताने केव्हाही काढून घेण्याचा अधिकारही सरकारने स्वतःकडे ठेवावयाचा, असा हा प्रकार आहे.

उपाय म्हणून बंदीचा मार्ग काही देशांनी धरला. चीनने २०२१ साली अल्पवयीनांच्या ऑनलाइन खेळांवर आठवड्याला तीन तासांची मर्यादा घातली. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. त्या कायद्यातील दंड मुलाला वा पालकाला नसून कंपनीला आहे, ही त्याची जमेची बाजू. पण सोळावे वर्ष लागताच तेच न संपणारे पान त्याच मुलापुढे येणार, कारण रचनेला कायद्याने हात लावलेला नाही. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. तरतूद चांगली आहे. मात्र नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि त्यांतही कंपन्यांना बहुतेक बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत मिळाली. या मुदतीत कार्यकर्त्यांनी झोपून राहू नये. २०१५ साली दहा लाखांहून अधिक नागरिकांनी नियामक प्राधिकरणाला पत्रे पाठवली, आणि ८ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने फेसबुकची निवडक संकेतस्थळे फुकट देण्याची योजना भारतात बंद पडली. लोकमताचा एवढा रेटा या क्षेत्रात एकदा लागू पडला आहे.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली आपल्यापुरता एक प्रयोग केला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो, दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद होतात, मुले अभ्यासाला बसतात. साडेआठला दुसरा भोंगा. वृत्तपत्रांनी याचे कौतुक शिस्त म्हणून केले. त्यातली खरी गोष्ट वेगळी आहे. एकट्या मुलाने मोबाईल ठेवला तर तो मित्रांच्या गप्पांतून बाहेर पडतो. साऱ्या गावाने एकाच वेळी ठेवला तर कोणीच बाहेर पडत नाही. एकेकट्या कामगाराला कामाचे तास कमी करून घेता आले नाहीत, याचेही कारण हेच होते.

असा दीड तास आपल्या गावी मिळवावयाचा तर त्यात मुलांनी जावे कोठे, हे आधी ठरवावे लागेल. महाराष्ट्रात अकरा हजारांहून अधिक शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये आहेत. आपल्या तालुक्यातील ग्रंथालय संध्याकाळी सात ते साडेआठ उघडे असते काय, तेथे दिवा आणि बसावयास बाक आहे काय, आणि मुलींना तेथून घरी पोचवण्याची व्यवस्था कोण करील, याची पाहणी प्रत्येक शाखेने येत्या महिन्यात करावी. पाहणीची माहिती कागदावर लिहून आणली तरी चालेल.