‘अजून शिकतेच आहे का?’

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला ‘बँकिंग : काल आणि आज’ हा विषय सुचवला होता. पण निवृत्त होऊन मला चौदा वर्षं झाली आणि आजचं बँकिंग इथल्या मुलांनाच माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून लिफ्टमध्ये मला नेहमी विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नावर बोलतो. ‘तुमची धाकटी अजून शिकतेच आहे का?’

आपण इथे राहायला आलो तेव्हा ती आठ वर्षांची होती. सायकल शिकताना तिने पार्किंगमधल्या कोणाकोणाच्या स्कूटर पाडल्या, ते समोर बसलेल्यांना आठवत असेल. आज ती जर्मनीतल्या एका विद्यापीठात ‘पोस्ट-डॉक’ आहे. म्हणजे पीएच.डी. झाली, शिक्षण संपलं. आता दोन-दोन वर्षांच्या करारावर संशोधनाची नोकरी. विषय, लहान मुलांच्या दुर्मिळ कर्करोगांवर प्रत्येक रुग्णासाठी वेगळी बनवायची लस.

लस म्हटलं की आपल्याला पोलिओचा डोस आठवतो. ही तशी नाही, ही रोग झाल्यावर द्यायची. मला ती बँकेच्या भाषेत कळली. चेक आला की आम्ही सही नमुना सहीशी ताडून बघायचो. कर्करोगाची पेशी म्हणजे आपल्याच खातेदाराची बनावट सही. इतकी हुबेहूब, की शरीराचे पहारेकरी ती पास करतात. संशोधक गाठीतल्या पेशीचा आणि निरोगी पेशीचा डीएनए शेजारी ठेवून फरक शोधतात आणि त्या फरकाचा तुकडा लशीतून शरीराला दाखवतात. आम्ही सगळ्या शाखांना सावधगिरीचं सर्क्युलर पाठवायचो ना, तसंच.

अडचण अशी, की मोठ्या माणसांच्या काही कर्करोगांत, उदाहरणार्थ त्वचेच्या मेलॅनोमात, असे फरक शेकड्यांनी सापडतात. मुलांच्या गाठींत फार थोडे. ऊन, तंबाखू यांचे घाव साठायला त्यांना आयुष्य मिळालंय कुठे? सर्क्युलरात लिहायला मजकूरच कमी!

एक उदाहरण मी तिच्याकडून तीनदा समजावून घेतलं. फायब्रोलॅमेलर नावाचा यकृताचा कर्करोग आहे. तो बहुतेक किशोरवयीन आणि तरुणांना होतो, वर्षाला साधारण ५० लाखांत एकाला. अमेरिकेतल्या एलाना सायमनला तो बाराव्या वर्षी झाला. ऑपरेशन होऊन ती वाचली आणि शाळेत असतानाच न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात, वडिलांच्या प्रयोगशाळेत, आपल्याच रोगाचं कारण शोधायला बसली. २०१४ साली ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष छापून आला. तपासलेल्या १५ पैकी १५ रुग्णांच्या गाठींत एकच चूक होती. लेजरची मधली पानं फाटून एका खात्याचा वरचा भाग दुसऱ्याच्या खालच्या भागाला चिकटावा, तशी दोन जनुकं जोडली गेलेली.

चूक सगळ्यांत तीच, म्हणून इथे एकच लस अनेकांना चालू शकते. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सने ती लस प्रतिकारशक्ती मोकळी करणाऱ्या दोन औषधांसोबत देऊन पाहिली. चाचणी अगदी पहिल्या टप्प्याची, रुग्ण मोजकेच. काहींच्या गाठी आकसल्या, काहींना उपयोग झाला नाही. पण ज्या रोगांत चूक मुलागणिक वेगळी, तिथे प्रत्येक मुलासाठी नव्याने शोध घ्यावा लागतो, आणि रोग थांबून राहत नाही. आमची धाकटी त्या कामात आहे.

मी कितीतरी वर्षं कर्जप्रस्ताव तपासले. ५० लाखांत एक गिऱ्हाईक असलेला धंदा माझ्या टेबलावर आला असता, तर मी दुसरं पान उलटलं नसतं. खोटं कशाला बोलू, तिलाही मी तेच म्हणालो होतो. ‘एवढ्या थोड्या लोकांसाठी किती वर्षं घालवणार? एखाद्या कंपनीत अर्ज टाक.’ ती चिडली नाही. नमुने लॅबमध्ये कसे येतात ते सांगू लागली. ‘बाबा, डब्यावर नाव नसतं. नंबर असतो आणि वय असतं. मी नंबर लिहून घेते, वय वाचायचं टाळते.’ त्यानंतर मी कंपनीचा विषय काढलेला नाही. तिची आई अजून अधूनमधून काढते, तो भाग वेगळा.

एक विनंती. ‘कॅन्सरवर लस आली’ असा मेसेज आपल्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी फिरतो. कृपा करून तो पुढे पाठवू नका. घरात आजारी माणूस असेल, तर त्या चार ओळींवर लोक चालू असलेले उपचार सोडतात. हे मी आपल्याच सोसायटीत पाहिलंय. नाव सांगत नाही.

तिचा करार येत्या मार्चमध्ये संपतोय. पुढचा मिळेल की नाही, तिलाही माहीत नाही. गणपतीत ती दहा दिवस येणार आहे. तेव्हा हा प्रश्न लिफ्टमध्ये मला न विचारता घरी येऊन तिलाच विचारा. चहा आहेच.